एकट्या गिटारवाल्याचा साथीदार

चित्रपटातले गाणे आवडले की आपण गाणाऱ्याचे नाव विचारतो, फार तर संगीतकाराचे. त्याच्या पाठीमागे व्हायोलिने, बासऱ्या, गिटारी घेऊन बसलेल्या मंडळींची चौकशी करण्याची रीत आपल्याकडे नाही. १९४० साली जन्मलेले चरणजितसिंग हे त्या बिननावी मंडळींतले. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा नामांकितांच्या वाद्यवृंदांत त्यांनी मुंबईत वर्षानुवर्षे गिटार वाजवली, पुढे सिंथेसायझरही. वाचकहो, आपण त्यांना पुष्कळदा ऐकले आहे. फक्त तसे आपल्याला ठाऊक नाही.

आता एका यंत्राची गोष्ट. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीबी-३०३’ नावाची रुपेरी डबी बाजारात आणली. हेतू मोठा सोज्वळ होता. एकटा गिटारवाला घरी रियाज करतो, त्याला खर्जाची साथ कोण देणार? तर ही डबी देईल! स्वर आधी भरायचे, मग त्यांची लय निराळी भरायची, आणि कळ दाबायची. जास्तीत जास्त सोळा घरांची ती स्वरपंक्ती पुन्हा पुन्हा वाजत राही. (सोळा म्हटल्यावर आपल्याला त्रिताल आठवणारच, पण तो योगायोग.) दुर्दैव असे की खऱ्या बेस गिटारीसारखा आवाज काही तिच्यातून निघेना. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि १९८४ साली कंपनीने तिचे उत्पादन थांबवले.

चरणजितसिंगांनी ही डबी सिंगापुरात घेतली. जोडीला त्याच कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर. दिवस डिस्कोचे होते. ‘कुर्बानी’ १९८०चा, ‘डिस्को दीवाने’ १९८१ची. चित्रपटासाठी डिस्को सारेच करीत होते. यांनी मनात आणले की आपण रागच का वाजवू नयेत? डबीत एक सोय होती : एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची. पाश्चात्त्याला ती गंमत वाटावी. आपल्या कानांना ती मींडेची धाकटी बहीणच वाटते. शिवाय तीच तीच स्वरपंक्ती घुमत राहिली की मागे तंबोरा लावल्याचा भास होतो. बाकी कोणी साथीला नाही. एकटा माणूस आणि तीन यंत्रे.

१९८२ साली एच. एम. व्ही.ने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पहाटेचा ललत, सायंकाळचा यमन आणि मध्यरात्रीचा मालकंस, सगळे एकाच धडधडत्या ठेक्यावर! शास्त्र मानणाऱ्याने कपाळाला हात लावावा, आणि नाचणाऱ्याला तर त्यात गाणेच नाही. तबकडी खपली नाही. मला विचाराल तर रागविस्तार तिच्यात शोधू नये. पण स्वरांचे चलन वाजवणाऱ्याच्या बोटांत मुरलेले आहे, हे पहिल्या काही क्षणांतच कळते.

इकडे तीच नापास डबी अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली होती. शिकागोच्या ‘फ्यूचर’ नावाच्या मंडळींनी तिची बटणे मनसोक्त पिळली आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केले. तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा एक पंथच निघाला.

पुढे एका डच संग्राहकाला चरणजितसिंगांची तबकडी हिंदुस्थानात सापडली आणि २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपात खळबळ उडाली. पाच वर्षे आधी, मुंबईत, हेच संगीत? काहींना तर ही कोणाची तरी थट्टाच वाटली! लगोलग त्यांना त्या पंथाचे जनकत्व बहाल करण्यात आले. येथे मात्र थोडे आवरायला हवे. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही. एकाच डबीतून दोन शहरांत, एकमेकांना न कळता, दोन वाटा फुटल्या. आणि मुंबईची वाट अठ्ठावीस वर्षे कोणी तुडवलीच नाही. मला तर हेच जनकत्वाहून अधिक नवलाचे वाटते.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंग ते राग घेऊन युरोपात गेले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तिकडे त्यांच्यापुढे नाचणाऱ्या तरुण पोरांना भूपाली कुठला आणि कलावती कुठला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. पण वाजवणाऱ्याचे नाव मात्र त्यांना पाठ होते.