लिनक्सने आपले पहिले घर कसे सोडले

डिसेंबर २०१२मध्ये लिनक्सने एका जुन्या प्रोसेसरला निरोप दिला. तो साधासुधा प्रोसेसर नव्हता. लिनक्सचा जन्मच त्याच्यावर झाला होता.

लिनस टोरवाल्ड्स हे हेलसिंकीत शिकत होते. जानेवारी १९९१मध्ये त्यांनी इंटेल ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्याच वर्षी त्यावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला. कर्नलचा बहुतेक भाग सी भाषेत असतो. पण जिथे थेट यंत्राशी बोलायचे, तिथे असेंब्ली लागते.

इथेच पहिली अडचण होती. हा प्रोसेसर सुरू होताना १६ बिटांच्या पद्धतीत जागा होतो. ग्नू असेंबलरला तेव्हा फक्त ३२ बिटांची भाषा येत होती. म्हणून सुरुवातीच्या भागासाठी एएस-८६ हा दुसरा असेंबलर ठेवावा लागला. दोघांच्या लिखाणाचा क्रम उलटा. एक ‘कुठे ठेवायचे’ ते आधी लिहितो, दुसरा ‘काय ठेवायचे’ ते आधी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एक उजवीकडून, दुसरी डावीकडून. त्यामुळे हा घोळ मला चटकन कळतो. मे १९९९मध्ये हा भाग ग्नू असेंबलरच्या पद्धतीत आणला गेला.

दुसरी अडचण प्रोसेसरचीच होती. लिनक्समध्ये दोन प्रोग्राम मेमरीचे एकच पान वाटून वापरू शकतात. एकाने त्यावर लिहायला घेतले की प्रोसेसर अडवतो, मग कर्नल त्याला वेगळी प्रत देतो. पण स्वतः कर्नल लिहीत असेल, तर ३८६ अडवतच नसे. दुसऱ्याच्या पानावर खुशाल लिहिले जाई. म्हणून प्रत्येक वेळी कर्नलला आधी स्वतःच तपासून घ्यावे लागे. १९८९च्या ४८६मध्ये हा दोष दूर झाला. आकडा तपासून, जुळला तरच एका दमात बदलण्याची सूचनाही ४८६मध्येच आली. ३८६वर तेच काम इंटरप्ट थोपवून, अनेक पायऱ्यांनी करावे लागे.

या तजविजी एकवीस वर्षे सांभाळल्या गेल्या. इंटेलने २००७मध्ये ३८६ बनवणे थांबवले, तरी कर्नलमध्ये त्याची जागा होती. पण नवे काही बदलायचे म्हटले की ३८६चा वेगळा विचार करावा लागे. शेवटी इंगो मोल्नार यांनी तो कोड काढण्याचा प्रस्ताव ठेवला. टोरवाल्ड्स यांनी हळवे न होता तो स्वीकारला. फेब्रुवारी २०१३च्या ३.८ आवृत्तीत ३८६ नव्हता.

आपल्याकडे अनेक शाळांत संगणक येतात ते कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेले. त्यामुळे ‘जुने आहे, काढून टाका’ हे वाक्य मला खटकते. जुन्या यंत्रामागे ते वापरणारा कुणीतरी माणूस असतो. पण इथे काढण्याची रीत पाहिली पाहिजे. जुन्या आवृत्त्या कुणी पुसल्या नाहीत. ३८६ चालवणाऱ्या ३.२ आवृत्तीच्या दुरुस्त्या २०१८पर्यंत येत राहिल्या. तिचा कोड आजही कुणीही घेऊ शकतो, वाचू शकतो.

सगळ्यांचे ओझे कुणी कायम वाहू शकत नाही. मात्र ते खाली ठेवताना मागे राहिलेल्यांसाठी दार उघडे ठेवता येते. आपल्या संस्था, शाळा, सरकारी योजना जुने बंद करतात, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा: दार उघडे ठेवले आहे ना?