नोंदणी बाकी आहे

माझा मामा तासगावचा. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिससाठी जातो. परवाच्या शनिवारी मी साताऱ्याहून गेलो आणि चार तास त्याच्याशेजारी बसलो. सुया लावणारा मुलगा माझ्याहून लहान. डिप्लोमा झालाय, पण कौन्सिलची नोंदणी अजून आलेली नाही. आमच्या भाषेत, कोड लाइव्ह आणि रिव्ह्यू बाकी! डोक्यात किडा शिरला, रविवार वाचण्यात गेला.

या धंद्यात मशीन आधी आलं. १९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये, विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी ड्रमवर गुंडाळून कृत्रिम किडनी बनवली. १९४५ मध्ये तिच्यावर पहिला पेशंट वाचला. १९६० साली सिॲटलच्या स्क्रिब्नरने हातात कायम ठेवता येईल असा शंट काढला आणि एकाच माणसाचं वर्षानुवर्षं डायलिसिस शक्य झालं. म्हणजे मशीनपाशी रोज उभा राहणारा माणूस आला. तो बहुतेक काम करता करताच शिकला. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या सेंटर्ससाठी अमेरिकेने २००८ मध्ये नियम केला, की कामावर लागल्यापासून १८ महिन्यांत प्रमाणपत्र मिळवा. तोवर काम करा, पण मुदतीत. मला हे पटलं.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच. १९४८ च्या फार्मसी ॲक्टने दवाखान्यात पाच वर्षं औषधं बनवलेल्या कंपाउंडरलाही पहिल्या रजिस्टरमध्ये जागा दिली. नाहीतर अनुभवी माणसं एका रात्रीत बेकायदा ठरली असती.

पॅरामेडिकलची पाळी फार उशिरा आली. महाराष्ट्राच्या पॅरामेडिकल कौन्सिल कायद्याच्या नावात २०११ आहे, अधिनियम क्रमांक मात्र २०१६ चा! मग २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात डायलिसिस टेक्नॉलॉजिस्ट आहे, आणि अलाइड हेल्थच्या डिप्लोमा-डिग्रीला किमान २००० तासांची अट. अट हवीच. रक्तात हवेचा बुडबुडा गेला तर काय होतं ते वाचून मी पाणी प्यायलो. पण मुदत फक्त उमेदवाराला का? फाइल पुढे सरकवणाऱ्यालाही हवी की.

असो. मध्येच अलार्म वाजला. मी दचकलो, मामा झोपलेलाच. मुलाने येऊन दुमडलेली नळी सरळ केली, आकडे वहीत लिहिले. शेवटी सुया काढल्या आणि रक्त थांबेपर्यंत मामाच्या हातावर बोटं दाबून उभा राहिला.