घरच्या रुमालांची कुळकथा

जुन्या कागदांच्या दुनियेत मोजमाप रुमालांत होतं. जाड्याभरड्या कापडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यात घड्या घातलेले किंवा गुंडाळलेले मोडी लिपीतले कागद ठेवायचे, चारही टोकं गाठीत बांधायची आणि वर ओळखीची चिठ्ठी लावायची. झाला रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आजही ओळीने लावलेले आहेत. पण मराठ्यांच्या इतिहासाकडे बघण्याची दृष्टी ज्या कागदांनी प्रथम बदलली, ते या सरकारी इमारतीत नव्हते. ते लोकांच्या घरांत होते. माळ्यावर, फडताळात, देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीतल्या पेटाऱ्यात. त्यांतले काही कसरीने खाल्लेले, काही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले.

कागद घरात का होते, याचं उत्तर सोपं आहे: कचेरीच घरात होती. पेशवाईत फडणीस, चिटणीस, वकील, कारभारी ही कामं घराण्यात चालत आलेली असत आणि कामाबरोबर त्याचे कागदही घराण्याकडेच राहत. नाना फडणिसांचं दप्तर वाईजवळच्या मेणवलीला त्यांच्या वाड्यात राहिलं. मिरजेकडच्या पटवर्धन सरदारांच्या मोहिमांचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे राहिला. गावात कुलकर्ण्याच्या घरी जमाखर्चाच्या याद्या, पाटलाकडे वतनाचे महजर, देशमुख-देशपांड्यांकडे निवाडापत्रं. हे सगळं काही इतिहासाच्या प्रेमापोटी जपलेलं नव्हतं. उद्या भाऊबंदांनी दावा लावला, शेजारच्या गावाने शीव सरकवली, तर दाखवायला कागद हवा, एवढाच हिशेब होता. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या कागदसंग्रहाचं मूळ शोधत गेलं की आपण येऊन ठेपतो ते वतनाच्या भांडणापाशी.

१८१८ नंतर इंग्रजांनी पेशव्यांचं दप्तर ताब्यात घेतलं. १८५२ साली इनाम कमिशन बसलं आणि इनामदाराने आपला हक्क कागदाने शाबीत करावा असा दंडक आला. ज्याच्याकडे पुरावा नाही, त्याच्या जमिनीवर सारा बसला. यातून लोकांच्या मनात कागदाविषयी दोन भावना एकदम रुजल्या. एक, कागद जीव गेला तरी सोडायचा नाही. दुसरी, कागद परक्याला दाखवायचा नाही. पुढे जे संशोधक दारोदार गेले, त्यांना या दोन्हींशी झगडावं लागलं.

कारण सरकारी दार बंद होतं. पेशवे दप्तरासाठी पुण्यात १८९१ च्या सुमारास भक्कम दगडी इमारत उभी राहिली, पण एतद्देशीय अभ्यासकाला तिथे सहजी प्रवेश नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने रोजनिश्यांचे उतारे बाहेर आले, तो अपवाद. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड छापून आले ते १९३० नंतर. तोवर ज्यांना अस्सल कागद हवा होता, त्यांनी कुठे जायचं? ते लोकांच्या घरी गेले. माझ्या मते ही अडवणूकच इष्टापत्ती ठरली. सरकारी दार आधीच उघडलं असतं, तर माळ्यावरचे पेटारे उघडायला इतक्या तातडीने कोणी गेलं नसतं आणि दोन पिढ्यांत ते वाळवीच्या पोटात गेले असते.

सुरुवात १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने झाली. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी त्यातून बखरी, पत्रं, जुनी काव्यं छापायला घेतली. १८९७ मध्ये मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू झाला. खरे शाळेत शिकवत. शिक्षकाच्या पगारावर पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडायची, नकला करायच्या, छापायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

आणि १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. वाईतल्या एका जुन्या वाड्यातल्या कागदांमधून निघालेली, १७५० ते १७६१ या काळातली ही पत्रं. पानिपताच्या मोहिमेत रसद कुठून येत होती, पैसा कुठे अडला होता, कोण कोणावर नाराज होतं, हे त्या त्या दिवशी लिहिलेल्या शब्दांत प्रथमच वाचायला मिळालं. तोवर पानिपत म्हणजे बखरीतलं पानिपत. बखर म्हणजे घटना घडून गेल्यावर, कित्येकदा पिढीनंतर, ऐकीव गोष्टींवर रचलेली. राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरींची उलटतपासणी केली आणि अस्सल पत्राच्या एका चिटोऱ्याला बखरीच्या शंभर पानांपेक्षा वरचं स्थान दिलं. पुढे ‘साधनां’चे एकूण २२ खंड निघाले. त्यांसाठी हा माणूस गावोगाव हिंडला, बराचसा पायी. कोणी कागद दिले, कोणी हाकलून दिलं. किराणा दुकानात पुड्या बांधायला गेलेले, टोपल्या लिंपायच्या रांध्यात भिजत पडलेले आणि पोथ्यांबरोबर नदीत सोडलेले कागद किती, याची मोजदाद कोणीच करू शकणार नाही.

हे कागद हाती आल्यावर खरी अडचण उभी राही ती सालाची. मराठी पत्रांत मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख ‘छ’ अक्षर घालून लिहायची रीत होती. छ ७ रजब, छ २० जमादिलावल. साल मात्र पुष्कळदा नसायचंच. नावांचंही तेच. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजश्री दादा’ एवढ्यावर भागत असे. लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक, मग लिहायचं कशाला? दीडशे वर्षांनी उघडणाऱ्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. मग पत्रात कुठे वाराचा उल्लेख आहे का, ग्रहणाचा आहे का, कोणाच्या मृत्यूची वार्ता आहे का, हे शोधायचं. तारीख आणि वार यांचा मेळ कोणत्या वर्षी बसतो ते जंत्रीत पाहायचं. पत्र मिळाल्याची नोंद घेणाऱ्याने कागदावर केली असेल तर ती वाचायची. मजकूर कोणाच्या रुमालात निघाला, त्याच्या वरखाली कोणती पत्रं होती, हेही पाहायचं. म्हणूनच रुमाल सोडून कागद विषयवार लावण्याचा उत्साह घातक. कागदाच्या शेजाऱ्यांवरून कागदाची ओळख पटते आणि शेजार एकदा मोडला की तो पुन्हा जुळवता येत नाही.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हा घरातल्या कागदाला पहिल्यांदा सार्वजनिक घर मिळालं. कोणाला काही सापडलं की त्याने ते सभेत आणावं, वाचावं, त्यावर चर्चा व्हावी आणि टिपण छापलं जावं, असा पायंडा तिथे पडला. लोक आपणहून रुमाल आणून देऊ लागले. आज मंडळाकडचे कागद पंधरा लाखांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. राजवाडे स्वतः पुढे मंडळातून बाहेर पडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि लगेच पुढच्या वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाची संशोधन संस्था काढून त्यांचे कागद सांभाळले. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांचा संग्रह, ज्यात मेणवलीचंही दप्तर होतं, १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

कागद सार्वजनिक घरी दिल्याने काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडशांचं. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेल्या या भिक्षुकाने पुढे आपली हकिकत लिहून काढली. ती चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापली, पण भाषा सफाईदार करून, पुष्कळ काटछाट करून, आपल्या हाताने फिरवून. सरकारचं भय होतं, ते समजण्यासारखं आहे. वैद्यांचं मोठेपण हे की त्यांनी मूळ हस्तलिखित फाडून टाकलं नाही, मंडळाच्या स्वाधीन केलं. त्यामुळे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना गोडशांचं स्वतःचं, खडबडीत, जिवंत मराठी जसंच्या तसं छापता आलं. हस्तलिखित घरीच राहिलं असतं, तर आपल्या हाती फक्त धुतलेली प्रत उरली असती.

या कुळकथेत एक मोठी उणीव आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वतन ज्याचं, कागद त्याचा. ज्यांना जमीन नव्हती, ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्या घरी रुमाल कुठून येणार? बायकांच्या वाट्याला तर पेटाऱ्यातले दागिने फार तर येत, कागद नाही. राजवाड्यांच्या पिढीने जे गोळा केलं ते अमोल आहे, पण त्यातून दिसतो तो वाड्यातून दिसणारा महाराष्ट्र.

ही उणीव भरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कागद त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षं वारसाहक्काच्या वादामुळे पेट्यांत बंद होते. वसंत मून यांनी चिकाटीने त्यांचा पाठपुरावा केला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन खंडशः काढायला सुरुवात केली आणि या पेट्यांतली हस्तलिखितंही त्यात आली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्याआधी वर्षभर, १९८८ मध्ये, मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हा स्त्रियांचा ध्वनी-चित्र संग्रह सुरू केला होता. ज्यांनी आयुष्यात कागद लिहिला नाही, त्यांचा आवाज आणि त्यांचे फोटो हेच त्यांचे रुमाल, ही जाण या कामांतून पक्की झाली.

फोटो आपल्याकडे आला लवकर. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पण सामान्य घरात फोटो शिरायला पन्नास-पाऊणशे वर्षं गेली. आधी जाड पुठ्ठ्यावर डकवलेला स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला पडदा, नवरा खुर्चीत आणि बायको उभी. मग काळ्या पानांचे अल्बम, कोपऱ्यांत खोचलेले नक्षीदार कडांचे छोटे फोटो. आणि १९७० नंतर हळूहळू रंगीत. पुठ्ठा, कड, मागचा शिक्का, पडद्यावरचा जिना, लुगड्याची तऱ्हा यांवरून जाणकार माणूस फोटोचं दशक सांगू शकतो. राजवाडे तिथी-वार जुळवून सालापर्यंत पोचत, तीच ही रीत. कृष्णधवल फोटोतली चांदी नीट जपली तर शंभर वर्षं तग धरते. रंगीत फोटोतले रंग त्याआधीच विटतात, लालसर पडतात. त्यामुळे आजीच्या लग्नाचा फोटो शाबूत असतो आणि आईच्या लग्नातला उडालेला, असं घरोघर दिसतं.

पण फोटोंचा खरा शत्रू बुरशी नव्हे, ‘ठाऊकच आहे की’ हा आहे. पत्रावर साल का नाही याचं जे उत्तर, तेच फोटोमागे नाव का नाही याचं. गिरणीच्या संपातला मोर्चा, तमासगिरांचा फड, शाळेची पहिली सहल, दुष्काळी कामावरच्या बाया, सगळ्यांत चेहरे स्पष्ट आणि नावं गायब. नावं सांगणारा शेवटचा माणूस गेला की तो फोटो कोणाचाच राहत नाही.

जपण्याचं जुनं कारणही आता उरलेलं नाही. १९५० नंतर वतनं खालसा होत गेली, त्याच सुमारास शाळांतून मोडी गेली आणि घरातले कागद घरच्यांनाच वाचता येईनासे झाले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ झाली, तिच्यात वाड्यांबरोबर दप्तरं जळाली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले संसार ट्रंकांसकट वाहून गेले. आता वाडे पाडून इमारती होतात, स्टुडिओ बंद पडतात आणि निगेटिव्हची खोकी रस्त्यावर येतात. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. राजवाड्यांना हाताने नक्कल करावी लागे किंवा अस्सल मागून घ्यावं लागे. आज मूळ फोटो घरातच ठेवून त्याची स्वच्छ प्रत संग्रहाला देता येते. द्यायचं नाही, दाखवायचं नाही, या जुन्या भीतीला आता जागा नाही.

म्हणून वाचकाला एक कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ट्रंक उघडा. त्यातला क्रम मोडू नका. फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा, बॉलपेनने नको. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सुटत असतील तर हलक्या हाताने बाहेर काढा आणि लॅमिनेशन कशालाच करू नका. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून एकेक चेहरा विचारून घ्या आणि हे आधी करा, बाकीचं नंतर. आणि आपल्या घरात काय ‘ऐतिहासिक’ असणार, असं म्हणू नका. गिरणीचा पगारपट, होस्टेलची पावती, सौदीहून आलेलं पत्र, बचत गटाची पहिली वही, हे सगळं आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला, जवळच्या इतिहास मंडळाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा. तिथे असा संग्रह नसेल, तर तो सुरू करा, असा आग्रह धरा. सुरुवात म्हणून तुमचाच रुमाल द्या.