भूमिस्वामी, भोगवटादार आणि अनुवादकाचा संगणकीय कोश

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या प्रताप नगरसारख्या वसाहतीत घरी बसून न्यायालयीन कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या एखाद्या अनुवादकाच्या हाती १९५८ सालचा जमिनीचा कागद आला, व त्यात धारकाच्या नावापुढे ‘भूमिस्वामी’ हा शब्द आढळला, तर त्याने काय करावे? शब्द दिसावयास सुबोध आहे. संस्कृतचे अल्प ज्ञान असणारासही त्याचा अर्थ ‘जमिनीचा मालक’ असाच वाटेल. परंतु तसे भाषांतर केल्यास ते कायद्याच्या दृष्टीने सदोष ठरेल आणि त्या दोषाचे फळ वारसास किंवा खरेदीदारास भोगावे लागेल. अशी चूक कोणत्या प्रकारच्या कोशसाधनाने टळते आणि कोणत्या साधनाने उलट दृढ होते, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. तो परिभाषेच्या इतिहासाचा आहे, व त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण नागपुरातच घडले.

डॉ. रघुवीर यांनी आपली सरस्वती विहार ही संस्था १९४६ साली लाहोरहून नागपुरास आणली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. या प्रांतात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा नांदत होत्या आणि १९५० च्या कायद्याने त्या दोन्ही राजभाषा झाल्या. इंग्रजी पारिभाषिक शब्दास संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या साहाय्याने घडविलेला एकच प्रतिशब्द सर्व भारतीय भाषांना चालावा, ही रघुवीरांची भूमिका अशा द्विभाषिक प्रांतास सोयीची होती. त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली नागपुरातून प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी संस्थेने दिल्लीस स्थलांतर केले. त्यांच्या शब्दांची पुष्कळ थट्टा झाली, हे खरे. तथापि त्यांच्या पद्धतीतील खरी अडचण थट्टाकारांनी दाखविलेल्या क्लिष्टतेत नव्हती. संस्कृत शब्द एक असला तरी भाषाभाषांत त्याचा अर्थ एक राहत नाही, ही ती अडचण होय. हिंदीतील ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीतील शिक्षा न्यायालयात! ‘आपत्ति’ म्हणजे हिंदीत आक्षेप; मराठीत मात्र ते संकट होय.

‘भूमिस्वामी’ याच संस्कृतप्रचुर प्रशासकीय वातावरणातील शब्द आहे. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाल्यावर मध्य प्रदेशाने १९५४ ची भू-राजस्व संहिता केली. तिच्यात भूमिस्वामी व भूमिधारी असे शासनाकडून जमीन धारण करणारांचे दोन वर्ग होते. पहिल्याचे हक्क व्यापक, दुसऱ्याचे मर्यादित. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. राज्य दोनदा बदलले. जमिनीची संहिता मात्र तीच चालू राहिली. ती गेली १५ ऑगस्ट १९६७ रोजी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अंमलात आली तेव्हा. नव्या संहितेने विदर्भातील ज्या भूमिस्वामींच्या हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध नव्हते त्यांना ‘भोगवटादार वर्ग एक’ मानले. ज्यांच्यावर निर्बंध होते त्यांना, तसेच भूमिधारींना, ‘वर्ग दोन’मध्ये घातले. म्हणजे एक जुना शब्द दोन नव्या शब्दांत विभागला गेला. सीमेपलीकडे त्याच्या उलट घडले. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या संहितेने भूमिधारी हा भेद काढून टाकला व धारकांचा भूमिस्वामी हा एकच वर्ग ठेवला. त्यामुळे शिवनी जिल्ह्यातील आजचा भूमिस्वामी आणि नागपूर जिल्ह्यातील १९५८ चा भूमिस्वामी यांचे नाव एक असले, तरी संकल्पना एक नाही.

ज्या नोंदीत शब्दाबरोबर प्रदेश, काळ व कायदा यांचा निर्देश नाही, ती नोंद येथे निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. छापील कोशांची परंपरा या बाबतीत संमिश्र आहे. शिवराज्याभिषेकानंतरचा, रघुनाथपंडितांच्या नावे प्रसिद्ध असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ वर्णानुक्रमाने रचलेला नाही. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत त्याची मांडणी आहे. म्हणजे व्यवहाराचे क्षेत्र आधी, शब्द नंतर. उलट महाराष्ट्रात ६ जुलै १९६० रोजी स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचा १९६२ चा ‘पदनाम कोश’ कचेरीच्या तत्कालीन निकडीतून झाला. आज कोणता शब्द वापरावा हे त्यास सांगावयाचे होते, काल कोणता होता हे नव्हे. तो त्याचा दोष मानता येत नाही.

अनुवादकासाठी असलेल्या संगणकीय साधनांतही हाच भेद दिसतो. ओमेगाटी या विनामूल्य साधनाची शब्दसूची तीन रकान्यांची असते: मूळ शब्द, प्रतिशब्द व टीप. ट्राडोसच्या मल्टिटर्मसारख्या साधनात नोंद संकल्पनेची असते. तिच्याखाली भाषा, भाषेखाली शब्द, आणि प्रत्येक पातळीवर प्रदेश, काळ, आधार यांचे स्वतंत्र रकाने ठेवता येतात. तेथे भूमिस्वामीच्या दोन नोंदी करता येतील. अशा नोंदींच्या देवघेवीसाठी टीबीएक्स हा आंतरराष्ट्रीय नमुना २००८ साली मान्य झाला व २०१९ मध्ये सुधारला गेला. साधन बदलले तरी नोंद बरोबर नेता यावी, हा त्याचा हेतू. जुनी भाषांतरे साठवून तीच पुन्हा सुचविणारी अनुवादस्मृती मात्र परिभाषेची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात एकदा ‘मालक’ शिरला, की तो दर वेळी विनातक्रार पुढे येतो. तीन रकान्यांची सूची गरिबाची असली तरी टाकाऊ नाही, मात्र टीपेच्या रकान्यात ‘विदर्भ, १९५४ ची संहिता, १९६७ पर्यंत’ एवढे लिहिण्याची शिस्त हवी. महागडे साधन घेऊन त्याचे रकाने रिकामे ठेवणारापेक्षा असा अनुवादक बरा.

साधनाची परीक्षा आणखी एका ठिकाणी करावयास हवी, व ती परदेशी जाहिरातींत कधी आढळत नाही. मराठी नाम विभक्तीपूर्वी सामान्यरूप धारण करते: पट्टा, पट्ट्याचा, शेतकरी, शेतकऱ्याला. शब्दाचा आरंभ जुळतो, अंत जुळत नाही. म्हणून अखंड शब्द शोधणारे साधन सूचीत असलेला शब्दही ओळखत नाही. त्यातच ‘शेतकऱ्याला’मधील अर्ध्या र चे युनिकोड लेखन दोन प्रकारे होते. काही ठिकाणी नुक्त्याच्या ऱ चा संकेत वापरतात, काही ठिकाणी साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्रास ती भिन्न भासतात. जुन्या श्रीलिपी वा कृतिदेवमधून रूपांतरित केलेल्या कागदांत हा घोळ विशेष आढळतो. साधन विकत घेण्यापूर्वी त्यात ‘शेतकरी’ ही एकच नोंद करावी आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द दोन्ही प्रकारे लिहून ती नोंद समोर येते की नाही, हे पाहावे.