अकाकींची यात्रा

जॉर्जिया म्हटले, की कोणाला अमेरिकेतले त्या नावाचे राज्य आठवते, तर कोणाला स्टालिन. पण काळा समुद्र आणि कॉकेशसची हिमशिखरे यांच्यामध्ये वसलेल्या या चिमुकल्या देशाला स्वतःची भाषा आहे, तेहतीस अक्षरांची स्वतःची लिपी आहे आणि दीड हजार वर्षांचे वाङ्मय आहे. १८०१ साली रशियाच्या झारने तो आपल्या साम्राज्यात ओढला. पुढे शाळांतून त्याची भाषा मागे सारली जाऊ लागली. पोरांनी घरी एक बोलावे आणि वर्गात दुसरेच घोकावे, असा प्रकार. हे दुःख आपल्याला परके नाही.

अशा देशात चलच्चित्रांचे यंत्र येऊन पोहोचले. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहून लोक थक्क झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिफ्लिसच्या, म्हणजे आजच्या त्बिलिसीच्या, प्रेक्षकांनीही हे नवल पाहिले. मात्र पडद्यावरची माणसे सारी परकी. आपला गाव, आपली माणसे अशी हलताना कधी दिसायची?

कुताइसी गावच्या वासिल अमाशुकेली नावाच्या तरुणाने हे मनावर घेतले. त्याने बाकूच्या तेलविहिरींवर कॅमेरा चालवून हात बसवला होता. १९१२ च्या उन्हाळ्यात त्याला कळले, की कवी अकाकी त्सेरेतेली राचा-लेचखुमीच्या डोंगराळ मुलुखात यात्रेला निघत आहेत. अमाशुकेली तेव्हा सव्वीस वर्षांचा. अकाकी बहात्तर वर्षांचे. अकाकी म्हणजे जॉर्जियाच्या घराघरांतले नाव. ‘सुलिको’ हे त्यांचे गीत तर लोकगीतच होऊन बसले आहे. झारच्या राज्यात ज्या भाषेला दरबारी मान नव्हता, तिचा मान या म्हाताऱ्याने आपल्या कवितेत राखला होता.

त्या काळचे चित्रण म्हणजे मोठी खटपट. हाताने फिरवायचा जड कॅमेरा, त्याची तिवई, फितींचे डबे. दांडा एका लयीत फिरवला नाही, तर पडद्यावर माणसे नाचरी दिसायची. भरवसा काय तो सूर्याचा. हे सारे लटांबर घेऊन अमाशुकेली डोंगरवाटांनी कवीच्या मागे गेला. गावोगाव लोक कवीच्या दर्शनाला लोटले, आणि ते सारे फितीवर उतरले. मला या चित्रपटात अकाकींइतकेच ते गावकरी आवडतात. त्यातल्या कितीजणांनी कॅमेरा म्हणून काही असते हे ऐकले असेल, कोण जाणे! नटनटी नाहीत, रचलेली कथा नाही. आहे तो एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसे. ज्याचे सारे सामर्थ्य शब्दांत, त्याचा एक शब्दही मात्र आपल्याला ऐकू येत नाही.

हा चित्रपट कुताइसीत दाखवला गेला आणि जॉर्जियन माणसाने स्वतःला पडद्यावर पाहिले. १९१५ च्या आरंभी अकाकी वारले. आपल्याकडे सावेदादांनी १९०१ साली रँग्लर परांजप्यांचे मुंबईतले स्वागत असेच टिपले होते. ती फीत काळाने गिळली. अकाकींची यात्रा आजही पाहता येते. हेवा वाटतो तो इथे.

पुढे घडामोडी झपाट्याने झाल्या. अलेक्सांद्रे त्सुत्सुनावा याने ‘क्रिस्तिने’ हा पहिला कथापट काढला. १९१८ साली जॉर्जिया स्वतंत्र झाला आणि १९२१ मध्ये लाल सेना आत शिरली. नव्या राजवटीला पडद्याचे महत्त्व पक्के ठाऊक होते. इवाने पेरेस्तियानीच्या ‘लाल सैतान’ (१९२३) या साहसपटात तीन धाडसी पोरे घोड्यांवरून, छपरांवरून धुमाकूळ घालतात. चित्रपट तुफान चालला.

याच सुमारास तिफ्लिसच्या एका फोटोग्राफरच्या काचेच्या कपाटात एका तरुणीची तसबीर होती. चित्रपटासाठी चेहरा शोधत फिरणाऱ्या एका दिग्दर्शकाने ती पाहिली आणि पत्ता काढत तिला गाठले, असे सांगतात. ती नातो वाचनाद्झे. १९२३ च्या ‘पितृघातक’ने तिचे डोळे देशोदेशी पोहोचवले. (कज्बेगीच्या ज्या कादंबरीवरून तो चित्रपट बेतला, तिच्यातल्या कोबा या नायकाचे नाव स्टालिनने तरुणपणी स्वतःला घेतले होते!) नातोचे पती निकोलोज शेंगेलाया यांनी १९२८ साली ‘एलिसो’ काढला. त्यात नायिका नातोची धाकटी बहीण किरा. १८६४ साली झारच्या अधिकाऱ्यांनी चेचेन लोकांना घरादारांतून हुसकले, त्याची ही कथा. वाटेत एक बाई मरते, आकांत उसळतो, तेव्हा म्हातारा पुढारी अचानक नाचू लागतो आणि रडणारी माणसे एकेक करून त्या नाचात ओढली जातात. ताल ऐकू येत नाही, तरी पाय ठेका धरतात.

कोते मिकाबेरिद्झेच्या ‘माझी आजी’ (१९२९) या प्रहसनात नोकरी गेलेला एक कारकून ‘आजी’ शोधत हिंडतो. आपण ज्याला वशिला म्हणतो, त्याला तिकडे ‘आजी’ म्हणत. सरकारी कचेऱ्यांची अशी टर उडवलेली वरच्यांना कशी खपावी? चित्रपट कित्येक वर्षे बंदीत राहिला. नातोचा १९५३ साली विमान अपघातात अंत झाला. अमाशुकेली मात्र १९७७ पर्यंत जगला. बोलपट आले, रंगीत आले, घरोघर दूरचित्रवाणी आली. त्याचे नाव निघे ते १९१२ च्या त्या उन्हाळ्यासाठी.