तेरचा त्रिविक्रम

देवणीकडची माणसे लातूरवरून तेरला जातात ती गोरोबाकाकांच्या दर्शनाला. आम्ही गेलो त्रिविक्रमाच्या देवळासाठी. पुढचा मंडप सपाट छताचा, साधाच. पण मागे वळसा घालावा. पाठीची भिंत अर्धवर्तुळाकार वळलेली, आणि वर उपड्या नावेसारखे विटांचे छप्पर. घाट थेट कार्ल्याच्या चैत्यगृहाचा! तेथे तो डोंगरात कोरला, येथे विटांनी उभारला. अशी विटांची देवळे देशात फारच थोडी उरली आहेत.

तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेतले कापड गाड्यांनी भडोचला जाते, अशी नोंद आहे. अशा सधन गावात भिक्षूंना आश्रय मिळाला यात नवल ते काय? उत्खननात विटांचा स्तूपही निघाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी हे देऊळ मूळचे बौद्ध चैत्य ठरविले. काही अभ्यासक ते पहिल्यापासून ब्राह्मणी धर्माचेच मानतात. आम्हांस कझिन्स यांचे म्हणणे पटते. देव बदलला म्हणून काही जण हळहळतात. पण स्तूप मातीखाली गेला आणि हे देऊळ उभे राहिले, ते आत पूजा चालू राहिली म्हणूनच, असे आम्हांस वाटते. गाभाऱ्यात आज त्रिविक्रम एक पाय उंच उचलून उभा आहे.