पुण्यातील इंग्रजी-जर्मन द्विभाषिक शाळा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुण्याचा जर्मन भाषेशी संबंध जडला तो संस्कृताच्या अभ्यासातून. मार्टिन हाउग १८५९ मध्ये, तर फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्यात अध्यापनासाठी आले. कीलहॉर्न यांनी डेक्कन कॉलेजात सुमारे पंधरा वर्षे अध्यापन केले आणि पतंजलीच्या महाभाष्याच्या संपादनास हात घातला. हे जर्मन पंडित येथे संस्कृत शिकवीत, जर्मन नव्हे. जर्मन शिकण्याची निकड भासली ती एतद्देशीय अभ्यासकांना. कारण प्राच्यविद्येतील पुष्कळसे संशोधन त्या भाषेत प्रसिद्ध होत होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनी बर्लिन येथे शिक्षण घेतले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही ज्ञानभाषा कारखानदारीचीही भाषा झाली. टेल्को व डायम्लर-बेंझ यांचा तांत्रिक सहकार्याचा करार १९५४ मध्ये झाला. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्यानेच तीनचाकी वाहने बनविण्यास आरंभ केला. रानडे इन्स्टिट्यूट व मॅक्समुल्लर भवन येथील वर्गांतून संस्कृतज्ञांइतकेच अभियंतेही दिसू लागले. तथापि या साऱ्यांत जर्मन ही प्रौढांनी हेतुपूर्वक शिकलेली परभाषा होती, बालकाची शिक्षणभाषा नव्हती.

हा भेद १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूलमुळे ठळक झाला. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ पासून पुणे परिसरात कार्यरत होती. तेथे ठरावीक मुदतीसाठी येणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यांच्या मुलांचा प्रश्न केवळ मातृभाषेच्या जिव्हाळ्याचा नव्हता. जर्मनीत शालेय शिक्षण हा घटकराज्यांचा विषय असून बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलाची वाट ठरते : विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियम, की अन्य प्रकारची शाळा. ऐन त्या वयात दोन-तीन वर्षे जर्मन लेखन-वाचन सुटणे पालकांना परवडणारे नव्हते. मुंबईत १९६१ मध्ये निघालेल्या जर्मन शाळेमागेही असेच कारण होते. इंग्रजीची जोड मात्र अन्य देशीय मुलांसाठी व एकूणच परदेशवासी कुटुंबांच्या फिरत्या जीवनासाठी आवश्यक होती. म्हणून ही द्विभाषिकता दोन संस्कृतींच्या संगमाची असे म्हणण्यापेक्षा परतीच्या प्रवासाची तयारी होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

मोजक्या कुटुंबांच्या मुक्कामावर उभे असलेले भाषामाध्यम चिरस्थायी होणे अवघड असते. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात स्थिरावलेल्या या शाळेत इंग्रजीतून चालणाऱ्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाचे महत्त्व वाढले, आणि पुढे तिचे नाव महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल असे झाले. ज्या मुळशी तालुक्यात ती उभी आहे तेथील भाषा मूळच्या द्विभाषिक योजनेतील दोन भाषांत नव्हती, याची नोंद घेतली पाहिजे. मराठीचे अध्यापन सर्व मंडळांच्या शाळांना अनिवार्य करणारा राज्याचा कायदा २०२० मध्ये आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यासाठी परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री यांना जर्मन शिकविण्याची योजना आखण्यात आली. मर्सिडीज-बेंझचे मुख्यालय असलेले श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी होय.